नाताळातील आमची पहिली सहल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी येथे चार शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. हळदीकुंकवाला गाणे म्हणेन, पण भाषण मला येत नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, "भाषण नकोच. २०२४ च्या नाताळात तुम्ही मुलांना थीम पार्कला नेलेत, त्याचा बेत कसा केलात तेवढे सांगा. पुष्कळजणींना जायचे आहे, पण सुरुवात कोठून करावी ते कळत नाही." तेव्हा भगिनींनो, हे भाषण नव्हे. घरातला जमाखर्च सांगावा तसे सांगते. चुकले तर सांभाळून घ्या.

प्रथम थीम पार्क म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या सासूबाईंनी मला हेच पहिल्यांदा विचारले होते. बावधनच्या बगाडाच्या जत्रेत पाळणे येतात, ते आपण सर्वांनी पाहिले आहेत. तेथे प्रत्येक पाळण्याचा मालक निराळा आणि पैसे निराळे. थीम पार्कात फाटकाशी एकदाच तिकीट काढायचे, बहुतेक खेळ त्यात येतात, आणि प्रत्येक खेळाला एखादी गोष्ट जोडलेली असते. कोठे अलिबाबाची गुहा, कोठे प्राचीन प्राण्यांचे जंगल.

अमेरिकेत वॉल्ट डिस्ने म्हणून गृहस्थ होऊन गेले, मिकी माऊसचे जनक. ते सुट्टीच्या दिवशी आपल्या दोन मुलींना बागेत घोड्यांच्या चक्रावर बसवीत आणि आपण बाकावर बसून राहत. तेथे बसल्या बसल्या त्यांच्या मनात आले की, आईबापांनी नुसते बघत बसण्यापेक्षा मुलांबरोबर मौज करावी अशी जागा का असू नये? त्यातून १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. आपल्याकडे १९८९ साली मुंबईजवळ गोराईला एस्सेल वर्ल्ड निघाले होते. पुढे २०१३ साली रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका उघडले. आम्ही गेलो ते या इमॅजिकाला. बाकाची ही गोष्ट मात्र लक्षात ठेवा, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता पैशाचे. आपल्या मंडळाच्या भिशीत आम्ही बाराजणी दरमहा दोन हजार भरतो. त्या वर्षी ऑक्टोबरात माझा नंबर लागला आणि चोवीस हजार रुपये एकरकमी माझ्या हाती आले. आमच्या घरी कपडे धुण्याचे यंत्र घ्यावे असे ठरत होते. मी म्हटले, "यंत्र पुढच्या वर्षीही मिळेल. मुलगी जूनमध्ये दहावीत जाईल. मग क्लास, परीक्षा, कॉलेज. पाचजणांनी मिळून जायचे तर हेच वर्ष." हे म्हणाले, "एका दिवसाच्या मौजेला चोवीस हजार?" दोन दिवस घरात कोणी फारसे बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मी पाटीवर हिशेब मांडून दाखविला. जीप साडेआठ हजार, पाचजणांची तिकिटे साडेसात हजार, दोन रात्रींचा मुक्काम तीन हजार, खाणेपिणे तीन हजार दोनशे. एकूण बावीस हजार दोनशे, शिल्लक अठराशे. हिशेब पाहिल्यावर हे म्हणाले, "बरे." भगिनींनो, बाईने नुसता हट्ट धरला तर कोणी ऐकत नाही, आकडे मांडले तर ऐकतात.

दिवस कोणता निवडावा हा दुसरा प्रश्न. खरे तर नाताळचा आठवडा गर्दीचा. इंग्रजी शाळांना लांब सुट्टी असते आणि मुंबई-पुण्याची सारी माणसे त्याच दिवसांत बाहेर पडतात. पण ह्यांचा कारखाना यंत्रांच्या दुरुस्तीसाठी त्याच आठवड्यात बंद असतो. पावसाळ्यात भिजत हिंडायचे, मे महिन्यात उन्हात उभे राहायचे, त्यापेक्षा डिसेंबरची हवा बरी. मग दिनदर्शिका घेऊन बसले. २५ तारीख बुधवारी येत होती. तो सणाचा दिवस टाळला. २८ आणि २९ ला शनिवार-रविवार, तेही टाळले. राहिला २६ तारखेचा गुरुवार. मुलांची दोन दिवस शाळा बुडणार होती. त्याची चिठ्ठी मी आधीच वर्गशिक्षकांना दिली. तिकिटे आणि मुक्कामाची खोली नोव्हेंबरातच ठरवली. गर्दीच्या दिवसांत जागेवर जाऊन बघू म्हणणाऱ्याचे दाम आणि वेळ दोन्ही जातात.

तिसरा प्रश्न सासूबाईंचा. त्यांचे वय बहात्तर. "मी म्हातारी त्या पाळण्यांत काय करू? तुम्ही जा, मी घर राखते," असे म्हणत होत्या. तेव्हा मला एक गोष्ट सुचली. खोपोलीजवळ महडचा वरदविनायक आहे, आणि पार्कवरून तोच रस्ता पुढे पालीच्या बल्लाळेश्वराला जातो. म्हणजे अष्टविनायकांतले दोन गणपती वाटेवर. २५ तारखेला पहाटे वाईहून निघून पुण्यावरून घाट उतरायचा, महडचे दर्शन घ्यायचे आणि मुक्कामाला पालीला जायचे. दुसऱ्या दिवशी पार्कचे फाटक उघडायच्या वेळी आपण दारात हजर. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी आपली पिशवी भरायला घेतली.

चौथी गोष्ट फार महत्त्वाची, विशेषतः लहान मुलांच्या आयांनी ऐकावी. वेगाच्या खेळांना कमीत कमी उंचीची अट असते, कारण लहान अंगाला तेथील पट्टा आणि दांडा नीट बसत नाही. आमचा धाकटा आठ वर्षांचा. महिनाभर त्याच्या तोंडी 'नायट्रो' या मोठ्या रोलर कोस्टरशिवाय दुसरा शब्द नव्हता. मी मुलीकडून फोनवर अट वाचून घेतली आणि टेप घेऊन त्याला दाराच्या चौकटीशी उभे केले. पोर पुष्कळ कमी भरले. दोन दिवस रडले, जेवले नाही. ह्यांना वाटले, कशाला आधी सांगितलेस? पण मी म्हणते, जे रडायचे ते घरी रडावे. तासभर रांगेत उभे राहून तोंडाशी परत फिरविले असते, तर सारा दिवस नासला असता. मग आम्ही त्याला चालतील अशा खेळांची यादी त्याच्याच हाताने लिहून घेतली. त्यात नावेतून जाण्याचा 'राजासॉरस' होता. राजासॉरस हा आपल्याच देशातला डायनासोर, नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडे सापडली आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिले, हे त्याने शोधून काढले आणि शाळेत सर्वांना सांगितले. नायट्रो मागे पडला.

आता रांगेचा हिशेब. लहानपणी मी नळावर आणि रॉकेलच्या दुकानापुढे पुष्कळ रांगा लावल्या आहेत, ती विद्या येथे कामाला आली. एका फेरीत किती माणसे बसतात आणि किती मिनिटांनी फेरी सुटते तेवढे पाहावे. समजा, वीस माणसे बसतात आणि दर तीन मिनिटांनी फेरी सुटते, तर तासाला चारशे माणसे निघतील. आपल्यापुढे दोनशे असली तर अर्धा तास. मग थांबायचे की पुढे जायचे ते ठरविता येते. मोठ्या खेळांना फाटक उघडल्याबरोबर जावे. जेवण साडेअकरालाच उरकावे, एक वाजता तेथे आणखी मोठी रांग असते. उन्हाच्या वेळी छपराखालचे खेळ ठेवावे आणि भिजण्याचा खेळ ऊन असेतोवर करावा, म्हणजे कपडे वाळतात. घरचे खाणे आत नेता येत नाही, म्हणून सकाळी पालीला थालीपीठ-दही पोटभर खाऊन निघालो आणि दशम्यांचा डबा जीपमध्ये ठेवला, तो रात्री उपयोगी पडला.

कपड्यांविषयी एक सांगते. साडीचा पदर आणि मोकळी ओढणी वेगाच्या खेळात धोक्याची असते. मी पंजाबी ड्रेस घातला, ओढणी काढून ठेवली आणि मंगळसूत्र आत घेऊन पिनेने अडकविले. रक्तदाब, हृदयविकार, पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी असल्या खेळांत बसू नये. मुलाच्या खिशात आमचे फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली आणि चुकामूक झालीच तर कोठे भेटायचे ते आत शिरताच ठरविले.

आता त्या बाकाकडे येते. मी नऊ-दहा वर्षांची असताना जत्रेत माझ्या मैत्रिणी पाळण्यात बसल्या, तेव्हा मी कडेवर धाकटा भाऊ घेऊन खाली उभी होते. सातवीनंतर शाळा सुटली तीही भावंडांना सांभाळण्यासाठीच. लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो, सारे नावेत बसले, मी काठावर चपला आणि पिशव्या राखल्या. मला कोणी बैस म्हटले नाही असे नव्हे. पण सामान कोणीतरी सांभाळायलाच हवे, आणि ते कोणीतरी म्हणजे मी, हे सर्वांनी धरून चालायचे, मीसुद्धा. म्हणून या वेळी बेताच्या कागदावर मी शेवटी एक रकाना काढला, 'सामान कोणाकडे'. मोठी पिशवी भाड्याच्या कपाटात ठेवायची. चष्मे, टोप्या, फोन असले किरकोळ सामान पाळीपाळीने एकेकाने धरायचे. पहिल्या खेळाला हे, दुसऱ्याला मुलगी, तिसऱ्याला मी. कागद मी स्वतः लिहिला होता.

आणि प्रत्यक्षात काय झाले ऐका. नायट्रोपाशी पोहोचलो. ह्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. मुलीने फोन दिला, धाकट्याने टोपी दिली. दोघे बापलेक रांगेकडे निघाले आणि मी धाकट्याला घेऊन, सगळे ओटीत धरून, बाकावर बसलेसुद्धा. कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्याही नाही. सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सूनबाई, कागदावर पहिला नंबर तुझा होता ना? आण ते इकडे." त्यांनी सारे आपल्या ओटीत घेतले, नातवाला जवळ बसविले आणि ह्यांना मोठ्याने हाक मारली, "अरे, थांब! ती येते आहे. तू इकडे ये." हे परत आले, थोडे ओशाळले, आणि काही न बोलता बाकावर बसले.

मी मुलीबरोबर बसले. खरे सांगते, भगिनींनो, मला तो खेळ मुळीच आवडला नाही. डोळे मिटून घेतले, "आई गं" म्हणून ओरडले, उतरल्यावर पाय लटपटत होते. मुलगी माझा हात धरून हसत होती. ती म्हणाली, "आई, तुला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकले." मला आवडला तो दुपारचा खेळ, ज्यात खुर्चीत बसून मोठ्या घुमटाच्या पडद्यावर आपला देश उंचावरून दिसतो. त्यात सासूबाईही बसल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "काशी राहिली होती, आता हिमालयही राहिला नाही." संध्याकाळी मिरवणूक आणि नाताळची रोषणाई पाहून परतलो.

एकच चूक झाली, ती सांगून ठेवते. मी फार भरगच्च बेत केला होता. चार वाजता सासूबाईंचे गुडघे दुखू लागले, तरी त्या बोलल्या नाहीत. म्हाताऱ्या माणसांबरोबर जाल तेव्हा दुपारी तासभर विसावा बेतातच लिहा.

शिल्लक अठराशे रुपये मी पुढच्या सहलीसाठी निराळ्या डब्यात ठेवले आहेत. कपडे धुण्याचे यंत्र अजून आलेले नाही, हेही खरे आहे. पण आमच्या घरी आता कोठे निघायचे म्हटले की धाकटाच विचारतो, "सामान कोणाकडे?" आणि लगेच आपला नंबर सांगतो.

तेव्हा भगिनींनो, थीम पार्कला जा, नाहीतर बावधनच्या जत्रेला जा. बेत कराल तेव्हा पैशाचा, दिवसाचा आणि रांगेचा हिशेब जरूर करा. त्याच कागदावर तो शेवटचा रकानाही काढा. आणि तेथे पोहोचल्यावर विसरू नका, कारण सवय आपल्यालाच असते.