घरगुती खाद्यपदार्थांचे ऑनलाइन दुकान : हिवरे बाजारचा धडा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात हिवरे बाजार येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी मला आज्ञा केली की, आपल्या ज्ञातीतील ज्या भगिनी व तरुण घरी पदार्थ तयार करून ऑनलाइन विकतात, त्यांच्या उपयोगी पडेल असे काही बोलावे. मी व्यापारी नव्हे. सारा जन्म प्राथमिक शाळेत गणित व मराठी शिकविण्यात गेला. परंतु माझी सून चटण्या, भाजणी व पापड यांचे असे एक लहान दुकान चालविते आणि त्या दुकानाची वही मी लिहितो. त्या वहीच्या आधारावर आणि ज्या गावात आज आपण जमलो आहोत त्या गावाच्या आधारावर मी चार शब्द बोलणार आहे.

अशा दुकानदारांच्या तोंडी बहुधा एकच तक्रार असते : "दुकान उघडले, पण तिकडे कोणी फिरकत नाही." आणि जेथे लोक फिरकतात तेथे दुसरी तक्रार असते : "बघून जातात, घेत कोणी नाही." मग कोणी सांगतो, जाहिरात करा. कोणी सांगतो, सूट द्या. आपल्या परिचयाच्या एका घरी मुलीच्या शिक्षणाकरिता ठेवलेली मुदतठेव याच कारणासाठी मोडली गेली. ती रक्कम सहा महिन्यांत जाहिरातीत संपली आणि दुकान पूर्वी होते तेथेच राहिले. म्हणून हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. घरच्या शिल्लकेचा आणि घरच्या बाईच्या कष्टांचा हा प्रश्न आहे.

आता या गावाकडे पाहा. हिवरे बाजार हे नगर तालुक्यातील पर्जन्यछायेतले गाव. येथे वर्षाकाठी सरासरी 400 मिलिमीटरच्या आतबाहेरच पाऊस पडतो. 1970 नंतरच्या दुष्काळांत हे गाव पार खचले होते. डोंगर बोडके झाले होते, विहिरी हिवाळ्यातच आटत, आणि माणसे मजुरीसाठी बाहेर पडत. 1989 साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. 1994 साली गाव आदर्श गाव योजनेत आले. पुढे काय घडले ते आपण आज डोळ्यांनी पाहिलेच आहे. 1995 साली गावातील 182 कुटुंबांपैकी 168 कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. पुढील दीड दशकात ती संख्या तीनवर आली. दररोजचे दूध दीडशे लिटरच्या आसपास होते, ते काही हजार लिटरांवर गेले. 2020 साली श्री. पवार यांना पद्मश्री किताब देऊन सरकारने या कार्याचा गौरव केला.

मी विद्यार्थ्यांना विचारीत असे तोच प्रश्न आपणांस विचारतो : या काळात येथील पाऊस वाढला काय? नाही. आभाळ तेच राहिले. वाढले ते अडविलेले व जिरविलेले पाणी. डोंगरउतारावर सलग समतल चर खणले, बांध घातले, झाडे लावली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ग्रामसभेने पाळली, श्रमदान केले. पूर्वी जो पाऊस माती घेऊन वाहून जाई, तोच आता जमिनीत मुरू लागला.

ऑनलाइन दुकानास हाच न्याय लागू पडतो. दुकानावरील वर्दळ म्हणजे पाऊस. विक्री म्हणजे विहिरीतले पाणी. पाऊस आपल्या हाती थोडाच असतो, परंतु अडविणे व जिरविणे सर्वस्वी आपल्या हाती असते. ज्याच्या शिवारात एकही बांध नाही, त्याने अधिक पावसासाठी धावा करणे व्यर्थ होय. आलेला पाऊस तो वाहूनच घालविणार.

हे पटण्यासाठी थोडे गणित करू. समजा, भाजणीचे एक किलोचे पाकीट आपण 300 रुपयांस विकतो. धान्य व मसाला 140 रुपये, दळण व इंधन 20 रुपये, वेष्टन 15 रुपये, आणि भाजणाऱ्या बाईच्या श्रमाचे 45 रुपये. एकूण 220. उरले 80. टपालखर्च गिऱ्हाईक निराळा देते असे धरू. आता जाहिरात देऊन एक हजार माणसे दुकानापर्यंत आणली आणि माणशी तीन रुपये खर्च आला, तर 3000 रुपये गेले. शंभरांत एकाने माल घेतला तर दहा पाकिटे खपली, म्हणजे हाती 800 रुपये. तोटा 2200 रुपये.

यावर सामान्य दुकानदार म्हणतो, "दोन हजार माणसे आणू." तोटा दुप्पट होईल, दुसरे काय! परंतु दुकानाची मांडणी सुधारून शंभरांत तिघांनी माल घेतला, तर त्याच हजारांतून तीस पाकिटे जातात व 2400 रुपये येतात. तोटा 600 वर आला. आणि त्या तिसांपैकी दहाजणांनी वर्षात आणखी दोनदा माल मागविला, तर जाहिरातीचा एकही पैसा न लागता 1600 रुपये अधिक आले. आता 1000 रुपये नफा झाला. बाहेरून आलेली माणसे तेवढीच, पहिली जाहिरात तेवढीच. मधला फरक अडविण्याचा आणि जिरविण्याचा आहे.

हे आकडे मी समजुतीसाठी घेतले. प्रत्येकाने आपले आकडे आपल्या वहीतून काढावेत. दुकानास भेट किती जणांनी दिली, पदार्थाचे पान कितींनी उघडले, टोपलीत माल कितींनी घातला, आणि पैसे कितींनी भरले, हे चार आकडे दर आठवड्यास लिहावेत. कोणत्या पायरीवर माणसे अधिक गळतात ते पाहावे. जेथे गळती मोठी, तेथे पहिला बांध घालावा.

ही गळती कोठे होते? एक तर टपालखर्च शेवटच्या पायरीवर उघड होतो तेथे. तीनशे रुपयांचा माल म्हणून हात पुढे करावा आणि पैसे देण्याच्या क्षणी चारशेंचा आकडा दिसावा, म्हणजे माणूस फसविले गेल्यासारखे होऊन निघून जातो. तो खर्च पहिल्याच पानावर सांगावा. दुसरे, मोबाइलवर पान उघडण्यास वेळ लागतो तेथे. भली मोठी छायाचित्रे लहान करून चढवावीत. तिसरे, संशय राहतो तेथे. आमच्या घरी गिऱ्हाइकांचे दूरध्वनी येतात ते प्रश्न मी एका निराळ्या वहीत टिपून ठेवतो. "चटणी किती दिवस टिकते? तेल कोणते वापरता? भाजणीत गहू आहे का? तिखट किती?" वर्गात पाच मुलांनी एकच शंका विचारली की, फळ्यावर काही लिहावयाचे राहिले आहे असे मी समजत असे. त्याच रीतीने एक प्रश्न तीनदा आला की, त्याचे उत्तर सून पदार्थाच्या पानावर लिहून टाकते. कारण एकजण विचारतो, तेव्हा विचारण्याचा संकोच करून परत जाणारे कितीतरी असतात.

छायाचित्र खरे असावे. ताटात मांडलेला पदार्थ आणि बंद पाकीट ही दोन्ही दाखवावीत. वजन स्पष्ट लिहावे. अन्नसुरक्षा कायदा 2006 चा आहे. त्यानुसार घरगुती उत्पादकालाही नोंदणी करावी लागते व मिळालेला चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, किंमत व पत्ता हेही पाकिटावर हवे. काहींना हा सरकारी जाच वाटतो. वस्तुतः अनोळखी गिऱ्हाइकाला आपण दिलेले ते वचनपत्र आहे. ज्याने आपले स्वयंपाकघर पाहिले नाही, त्याच्यापाशी विश्वासाला दुसरा आधार कोणता?

आता नावांविषयी. पदार्थाला आपण प्रेमाने "माहेरची आठवण" असे नाव देतो. परंतु शोधणारा माणूस गूगलवर काय लिहितो? तो "उपवासाची भाजणी", "शेंगदाण्याची चटणी", "ज्वारीचे पापड", "गव्हाची कुरडई" असेच लिहितो. पुण्या-मुंबईचे व परदेशचे पुष्कळ मराठी लोक तीच नावे रोमन लिपीत लिहितात. म्हणून पानाच्या मथळ्यात पदार्थाचे रूढ नाव दोन्ही लिप्यांत असावे. कवित्व खालच्या ओळीत करावे. गूगलच्या नकाशावर आपल्या व्यवसायाची नोंद फुकट करता येते, तीही करावी. हे सारे बिनखर्चाचे पाटपाणी आहे.

हिवरे बाजारचा दुसरा नियम आपण ऐकला असेल. येथे पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडला जातो. पाऊस किती झाला व विहिरींची पातळी काय, हे पाहून प्रथम माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचे पाणी राखून ठेवतात. उरेल त्यावर पिके ठरतात. उसासारखी फार पाणी पिणारी पिके येथे वर्ज्य केली आणि शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली.

आपल्या व्यवसायात पिण्याचे पाणी कोणते? माल, वेष्टन, दळण हे तर झालेच. परंतु त्याच्या आधी घरच्या बाईचे श्रम. आपल्याकडे ते हिशेबात धरण्याची चाल नाही. पहाटे उठून चुलीपुढे बसणाऱ्या सुनेचे पंचेचाळीस रुपये वगळले की, धंदा फायद्यात दिसतो. तो फायदा नव्हे, तिच्या अंगावरची उसनवारी होय. माझे सर्व कुटुंबप्रमुखांना सांगणे आहे की, हा आकडा वहीत पहिल्या ओळीवर लिहा, आणि महिन्याअखेर ती रक्कम तिच्या हाती द्या. सूट द्यावयाची तर ती उरलेल्या ऐंशींतून द्यावी. या पंचेचाळिसांना हात लावू नये.

कर्ज काढून केलेली जाहिरात हे आपले बोअर. एक आटले की दुसरे त्याहून खोल. जाहिरात मुळीच करू नये असे मी म्हणत नाही. बांध घालून झाल्यावर, शिलकेतून, ठरावीक रक्कम, आणि प्रत्येक रुपयातून किती परत आले याचा हिशेब ठेवून ती करावी. परंतु मुदतठेव मोडून नव्हे, आणि दागिना गहाण ठेवून तर नव्हेच नव्हे.

पिकांची निवड म्हणजे मालाची निवड. चाळीस पदार्थ मांडण्यापेक्षा टपालाचा प्रवास सोसणारे पाचसहा निवडावेत. तूप, भाजणी, कोरड्या चटण्या, पापड, कुरडया हे प्रवासाला टिकाऊ. पेढा व ओले खोबरे घातलेले पदार्थ जवळच्या गिऱ्हाइकांपुरते ठेवावेत. परदेशी पाठवावयाचे असल्यास त्या देशाचे नियम आधी पाहावेत. काही देश दुधाचे पदार्थ येऊ देत नाहीत.

हंगामही ओळखावा. संक्रांतीला तीळगूळ, आषाढी-श्रावणात उपवासाचे जिन्नस, दिवाळीला फराळ. परगावच्या गिऱ्हाइकास दिवाळीची आठवण वसुबारसेला देऊन काय उपयोग? ती नवरात्रातच द्यावी.

येथे एक जुने उदाहरण सांगतो. 1959 साली मुंबईत गिरगावातील सात भगिनींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट व शेगडी आणून वाळविण्याची सोय केली. देणग्या घ्यावयाच्या नाहीत, असा त्यांचा निश्चय होता. तीच आजची लिज्जत पापडाची श्री महिला गृह उद्योग संस्था. त्या वेळी ऑनलाइन दुकाने नव्हती. परंतु जो पापड एकदा घेतला तसाच तो दुसऱ्यांदा मिळतो, या एका खात्रीवर गिऱ्हाईक परत येत गेले. जिरविणे म्हणतात ते हेच.

जिरविण्याचे उपाय साधे आहेत. पाकिटात हाताने लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी घालावी व पदार्थ कसा करावा हे सांगावे. आठ दिवसांनी "माल नीट पोहोचला का?" असे विचारावे. परवानगी असेल त्यांनाच व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या घाण्याची वार्ता कळवावी, तीही महिन्यातून एकदोनदा. रोज "सुप्रभात" पाठविणाऱ्याचा माल कोणी घेत नाही. पाकीट फुटून गेले तर वाद न घालता दुसरे पाठवावे. बोलावून आणलेल्या नव्या माणसापेक्षा समाधानाने परत आलेले जुने माणूस स्वस्त पडते, हे वरील गणितात आपण पाहिलेच.

शेवटी दोन शब्द आपणां सर्व ज्ञातिबांधवांना. आपल्यापैकी कोणी दुकान काढले की आपण कौतुक करतो, आणि लगेच म्हणतो, "घरचेच आहे, पैसे नंतर देऊ." ही चराई आहे. कोवळ्या झाडाला पहिला धोका घरच्याच जनावरांचा असतो, म्हणून येथे चराईबंदी करावी लागली. आपल्या माणसाचा माल रोख घ्या, पुऱ्या किमतीस घ्या. तो आवडला तर परक्याला सांगा, न आवडला तर त्याच्या एकट्याच्या कानात सांगा. आणि दुकानदारांनीही ध्यानी ठेवावे की, ज्ञातीचे गिऱ्हाईक ही पहिली ओंजळ आहे. तेवढ्यावर मळा भिजत नाही. ज्याला आपले आडनावही ठाऊक नाही, तो जेव्हा दुसऱ्यांदा माल मागवील, तेव्हा दुकान लागले असे समजावे.

मंडळाला माझी एक सूचना आहे. पुढील मेळाव्यात अशा दुकानदारांची एक बैठक घ्यावी. प्रत्येकाने आपले चार आकडे व श्रमाचा आकडा मांडावा, जसा या गावात पाण्याचा ताळेबंद सर्वांसमक्ष मांडतात. कोणाचे पाणी कोठे वाहून जाते ते सर्वांनी मिळून पाहावे. लाज वाटण्याचे त्यात काही नाही. या गावाने आपले दारिद्र्य मोजले, तेव्हाच ते हटू लागले.