शाळूचं रान आणि रंगीत स्लाइड

मैंदर्गी गावच्या काळ्या रानात शाळूची काढणी चालू असते, पांढऱ्या कणसांचा ढीग पडलेला असतो, तेव्हा स्लाइड फिल्मची खरी परीक्षा होते. कॅमेऱ्याचं मीटर काळी जमीन बघून फसतं, जास्त उजेड घेतं आणि कणसं पांढरीफटक होतात. निगेटिव्हवर अशी चूक प्रिंट काढताना बरीचशी सावरता येते. स्लाइडमध्ये अर्ध्या स्टॉपची चूकही डोळ्यांत खुपते. म्हणून मी कणसांवरचा उजेड मोजतो. जमीन काळी पडली तर पडू देतो. ती काळीच आहे.

ही फिल्म घरी धुता येते. १९७६ सालापासून चालत आलेल्या ई-६ पद्धतीत पहिला डेव्हलपर ३८ अंशांना ६ मिनिटं द्यायचा. त्यात अर्ध्या अंशाचाही फरक नको. तापमान कमी पडलं की स्लाइड काळपट निघते. घाईत माझा एक अख्खा रोल असा गेला आहे. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी फार तापतं. तापलेलं पाणी निववण्यापेक्षा गार पाणी तापवणं सोपं, म्हणून मी पहाटे कामाला बसतो. घंगाळात कोमट पाणी, त्यात रसायनांच्या बाटल्या आणि हातात थर्मामीटर.

पहिल्या डेव्हलपरनं कृष्णधवल निगेटिव्ह तयार होतं. त्यात न वापरली गेलेली चांदीची संयुगं रंगाच्या डेव्हलपरमध्ये काळी होतात आणि त्यांच्यासोबत रंग उमटतात. पुढच्या द्रावणांत सगळी चांदी निघून जाते, उरतात नुसते रंग. शेवटचं पाणी मात्र डिस्टिल्ड घ्यावं. बोअरच्या जड पाण्याचे डाग वाळल्यावर दिसतात. वापरलेली द्रावणं विहिरीच्या आसपास ओतू नयेत.

ओली पट्टी खिडकीकडे धरली की त्या दिवसाचं रान जसंच्या तसं समोर येतं. त्या उन्हात कॅमेऱ्यात होती ती हीच पट्टी. प्रिंट किंवा स्कॅन हा तिचा उतारा.

एक्टाक्रोम ही ई-६ पद्धतीनं धुतली जाणारी स्लाइड फिल्म बाजारातून नाहीशी झाली होती, ती २०१८ साली परत आली. कोडाक्रोम ही दुसरी स्लाइड फिल्म धुण्याचं काम मात्र २०१० च्या अखेरीस जगभर थांबलं, आणि ती पद्धत घरी करण्याजोगी कधीच नव्हती. तुमच्या ट्रंकेत वडीलधाऱ्यांच्या स्लाइडचे डबे असतील, तर स्कॅन झाल्या म्हणून त्या टाकू नका. कोरड्या, गार, अंधाऱ्या जागी ठेवा.