वास्तुरक्षणाचा कायदा आणि समाजाची दक्षता



पुणे महानगरपालिकेच्या वारसा यादीतील वास्तू तीन श्रेणींत विभागलेल्या आहेत. अशी वास्तू पाडण्यापूर्वी वारसा समितीचे मत घेतले जाते. यादीबाहेरील जुन्या वास्तूस मात्र हे संरक्षण लाभत नाही.

न्यासाच्या मिळकतीस आणखी एक कवच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून स्थावर मिळकत विकता येत नाही. मॉडेल कॉलनीतील सेठ हिराचंद नेमचंद जैन वसतिगृहाच्या जागेचा विक्रीव्यवहार २०२५ मध्ये अशा मंजुरीनेच झाला होता. त्या आवारात जिनमंदिरही आहे. समाज एकवटला, हरकती घेतल्या गेल्या आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये धर्मादाय आयुक्तांनी तो व्यवहार रद्द केला.

मंजुरीचा अर्ज दाखल होतानाच समाजास त्याची वार्ता असावी, हा या प्रसंगाचा बोध होय. प्रत्येक न्यासाने मंदिर, धर्मशाळा व वसतिगृह यांची दानपत्रे, नकाशे व छायाचित्रे जतन करावीत, जुन्या वास्तूंची वारसा यादीत नोंद व्हावी म्हणून प्रयत्न करावेत आणि विक्रीचा विषय समाजापुढे उघडपणे मांडावा. पूर्वजांचे दान पुढील पिढीच्या हाती अखंड पोहोचावे, हीच सुवर्णमहोत्सवी प्रार्थना.

जय जिनेंद्र!