पाठीसाठी आणि डोळ्यांसाठी एक सहल



सहल ठरवायची म्हटली की आपल्या गटात यादी लांबत जाते. अंबाबाई, जोतिबा, वाडी, बाहुबली, सगळं एका दिवसात. दर्शन घेतलं, नारळ फोडला, गाडीत बसलो. घरी येईस्तोवर पाय सुजलेले, आणि देवळाचा खांब कसा होता ते एकीलाही सांगता येत नाही. शहरातली माणसं आता वेगळ्या सहली करतात. सकाळी योगासनं, मग एखादं जुनं देऊळ सावकाश बघायचं. त्यासाठी पुष्कळ पैसेही मोजतात. आपल्या शिरोळ तालुक्यात हे थोडक्यात होण्यासारखं आहे.

पहिली हरकत ठरलेली. दिवसभर रानात राबतो, वर योग कशाला? बायांनो, भांगलताना, उसाचा पाला काढताना, धुणं धुताना आपण पुढंच वाकतो. मागं कधी वाकतो? दोन्ही हात वर ताणून कधी उभ्या राहतो? काम आणि व्यायाम यांत फरक आहे तो इथंच. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी भिंत, खुर्ची, दोर यांच्या आधारानं आसनं शिकवली, ती अंग न वळणाऱ्यांनाही करता यावीत म्हणून. गुडघे धरलेल्या मावशींनी भिंतीला टेकून हात वर नेले तरी पुष्कळ झालं. मात्र शिकवणारी जाणती हवी. रक्तदाब, मणक्याचं दुखणं किंवा दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

मुक्काम नरसोबाच्या वाडीला करू. पहाटे कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ आसनं, मग न्याहारी, मग कुरुंदवाडमार्गे खिद्रापूर. त्या दिवशी दुसरं काही बघायचं नाही.

खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर बाराव्या शतकातलं, शिलाहार राजांच्या काळातलं. पुढच्या स्वर्गमंडपाला मधोमध छपरच नाही. गोल मोकळं आभाळ दिसतं आणि बरोबर त्याच्या खाली गोल शिळा आहे. मंडपाला 48 खांब, त्यांतले 12 त्या गोलाभोवती. दगड असा घडवलाय की खांब कातकामाच्या यंत्रावर फिरवून काढल्यासारखे वाटतात. थोडा वेळ खाली बसून वर बघा. सकाळी मान मोकळी केलेली असते, ती इथं उपयोगी पडते. बाहेर तळाला दगडी हत्तींची रांग आहे, सगळं देऊळ पाठीवर घेतल्यासारखी. वरच्या स्त्रियांच्या मूर्ती एका पायावर भार टाकून, कंबर एका बाजूला काढून उभ्या आहेत. घागर कडेवर घेतलेली बाई अशीच उभी राहते की! काहींचे हात तुटलेत, चेहरे झिजलेत, तरी उभं राहण्यातला डौल गेलेला नाही.

इथं शंकरासमोर नंदी नाही. गावातली माणसं सांगतात, सती माहेरी यज्ञाला गेली ती नंदीवर बसून. तिथं तिचं जे झालं त्यानं शंकर कोपला, तो कोपेश्वर. त्याची समजूत घालायला विष्णू आले, ते धोपेश्वर. गाभाऱ्यात दोघंही आहेत. आणि नंदी म्हणे कर्नाटकात यडूरला आहे.

सतीला नंदी होता, आपल्याला एसटी आहे. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं प्रवासाचा खर्च अडणार नाही. पावसाळ्यात मात्र जायचं नाही. 2019 च्या महापुरात या भागाचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. दिवाळीनंतर थंडीत जाऊ.

खरी अडचण म्हशीच्या धारेची आणि घरच्या भाकरीची. "दोन दिवस कोण बघणार?" हा प्रश्न घरातून येणारच, आणि तो खोटा नाही. त्यावर आम्हाला पैरा बरा वाटतो. रानात करतो तसाच. गटातल्या निम्म्या जणींनी आधी जायचं, उरलेल्यांनी त्यांच्या धारा काढायच्या, म्हाताऱ्यांना भाकरी द्यायची; पुढच्या खेपेला उलट. सुनेला पाठवायचं असेल तर सासूबाईंनी मागं थांबायचं, आणि सासूबाई जाताना सुनेनं. येत्या बैठकीत पहिल्या खेपेची नावं लिहून घेऊ. शेवटचं नाव नेहमी जिच्या घरी दुभतं जास्त तिचं राहतं, तिचं यंदा आधी लिहा.