करडईचा गुण वाणात, भाव मात्र वजनात

(बीड जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या मांडवात किती जणांच्या रानात यंदा करडई आहे? हात वर करा. पाच... सहा... सात. बस. हाच प्रश्न तुमच्या वडिलांना विचारला असता तर निम्मा मांडव उभा राहिला असता. ज्वारीच्या पट्ट्यात करडईचे तास आणि बांधाच्या कडेने करडई, म्हणजे काट्यामुळे जनावर आत शिरत नाही. कोवळी होती तोवर भाजी, पिकल्यावर घाण्याचे तेल, उरली ती पेंड बैलाला. बाईमाणसे पहाटे दव असतानाच काढणीला जात, हाताला फडके गुंडाळून. तरी बोटांत काटे राहायचेच.

एके काळी देशात करडई कित्येक लाख हेक्टरांवर होती. गेल्या काही वर्षांत ती लाखाच्या आत आली. आपण ती सोडली, कारण परवडेना. सोयाबीन आले, हरभरा आला, आपण तिकडे गेलो. यात आपले काही चुकले नाही. पण आपण काय सोडले, ते नीट माहीत करून घेऊ. जी वस्तू आपण मोंढ्यात पोत्याने ओतली, तिच्यातल्या गुणावर दुसऱ्या मुलखात स्वतंत्र बाजार उभा राहिला आहे.

तेलात काय असते

मी शेतकीचा पदवीधर. थोडे पुस्तकातले सांगतो, कंटाळू नका.

करडईच्या दाण्यात टरफलच निम्म्याच्या आसपास भरते. म्हणून आपल्या नेहमीच्या वाणांत तेल साधारण २८ ते ३० टक्के. ज्या वाणाचे टरफल पातळ, त्यात तेल जास्त. तेल किती, ही झाली पहिली गोष्ट. ते कसले, ही दुसरी.

तेल हे स्निग्धाम्लांचे बनलेले असते. आपल्या नेहमीच्या करडईच्या शंभर भाग तेलात सत्तर ते ऐंशी भाग लिनोलेइक आम्ल असते. हे शरीराला लागते आणि शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही. तुपा-डालड्याच्या जागी असे तेल आले तर रक्तातले कोलेस्टेरॉल उतरते. याच जोरावर 'सफोला' या नावाने करडईचे तेल शहरात हृदयाचे तेल म्हणून खपले. शिवाय त्यात ई जीवनसत्त्व भरपूर.

पण या तेलाची एक खोड आहे, ती मायबहिणींना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. करडईच्या तेलात चार वेळा तळण काढले की कढईला चिकट थर बसतो, खरवडून निघत नाही. लिनोलेइक आम्ल हवेशी आणि आचेशी लवकर संयोग पावते, घट्ट होते. म्हणूनच हे तेल रंग-रोगणाच्या धंद्यातही चालत असे. फोडणीला चांगले, पुन्हा पुन्हा तळायला वाईट.

आता दुसरी करडई ऐका. झाड तसेच, फूल तसेच, दाणाही तसाच. पण तेलात आकडे उलटे: सत्तर-ऐंशी भाग ओलेइक आम्ल आणि लिनोलेइक थोडेच. ओलेइक म्हणजे ऑलिव्हच्या तेलात मुख्यत्वे असते ते. हे तेल टिकते, आच सोसते, लवकर खवट होत नाही. जमीन, पाणी, थंडी यांनी तेलात थोडाफार फरक पडतो. पण एवढी उलथापालथ फक्त वाण करतो.

बी इथले, बाजार तिथला

ही दुसरी करडई आली कुठून? १९५७ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी असे तेल असणारी करडई जगापुढे मांडली. ते बी भारतातून गेलेले होते. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात पॉल नोल्स यांनीही भारतातून गेलेल्या बियाण्यातच हा गुण शोधला आणि १९६३ साली त्याची आनुवंशिकता मांडून दाखवली. सारा फरक मुख्यतः एका जनुकाचा. १९६६ साली तिथे यूसी-१ नावाचा वाण निघाला, आणि पुढे जास्त ओलेइकच्या करडईचा वेगळा बाजार झाला.

 आपल्या देशाच्या २०११ सालच्या अन्न नियमावलीत जास्त ओलेइकच्या करडई तेलाचे नाव आहे.   

तिकडे गुण मोजतात, मग बोलतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने, ज्या तेलात किमान ७० टक्के ओलेइक आहे त्याच्या डब्यावर हृदयाच्या फायद्याचा मजकूर लिहायला मुभा दिली. अट अशी की ते रोज वीसेक ग्रॅम, दुसऱ्या घट्ट चरबीच्या जागी खावे, वर आणखी ओतू नये. पुरावा पक्का नाही, हेही तिथेच लिहावे लागते. त्या यादीत जास्त ओलेइकची करडई आहे.

ऑलिव्हचेही तसेच. स्पेनमध्ये पिक्युअल नावाचा वाण आहे. तेल कडवट, घशाला झोंबणारे. आर्बेकिना नावाचा दुसरा वाण, तेल मवाळ. त्या कडवटपणात पॉलिफेनॉल नावाची गुणकारी द्रव्ये असतात आणि पिक्युअलमध्ये ती सहसा जास्त भरतात. युरोपात २०१२च्या नियमाप्रमाणे वीस ग्रॅम तेलात या द्रव्यांतील हायड्रॉक्सिटायरोसॉल व त्याच्या जातीची द्रव्ये मिळून किमान पाच मिलिग्रॅम असतील, तरच तसे बाटलीवर लिहिता येते. जे एरवी खोड म्हणून भावात कापले गेले असते, ते मोजल्यामुळे गुण ठरले.

ज्वारीचीही तीच कथा

हे फक्त तेलाचे नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि पाटणचेरूच्या इक्रिसॅटने मिळून २०१८ साली 'परभणी शक्ती' ही ज्वारी दिली. साध्या ज्वारीत किलोला सुमारे ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त. हिच्यात ४५ आणि ३२. आपल्या घरातल्या बायापोरांच्या अंगात रक्त कमी, हे सांगायला डॉक्टर नको. भाकरी तीच, पण लोह दीडपट.

मोंढ्यात मात्र ज्वारीचा भाव कशावर ठरतो? पांढरी किती, टपोरी किती, चकाकी किती. लोहाचा रकाना कोणाच्याच वहीत नाही.

माझी चूक

आता स्वतःचे सांगतो. पदवी घेऊन नुकताच गावोगाव फिरायला लागलो होतो. एका गावात चार-पाच जणांना मी जास्त तेलाचा वाण पेरायला लावला. वेगळा पेरा, वेगळी मळणी करा, तेल जास्त म्हणजे भाव जास्त, असे छातीठोकपणे सांगितले. त्यांनी ऐकले. पोती घेऊन आम्ही मोंढ्यात गेलो. व्यापाऱ्याने पोत्यात हात घातला, ओल पाहिली, कचरा पाहिला आणि सगळा माल बाकीच्यांच्या ढिगावर ओतायला सांगितला. भाव सगळ्यांना एकच. परत येताना गाडीत कोणी माझ्याशी बोलले नाही. दुसऱ्या वर्षी त्यांतल्या एकानेही करडई पेरली नाही.

त्या दिवशी मला कळले. वाणातला गुण जोवर कोणी मोजत नाही आणि त्याचे दाम मोजत नाही, तोवर तो गुण शेतकऱ्याच्या कामाचा नाही. आरोग्याचे व्याख्यान देऊन शेतकऱ्याला पेरायला लावणे हा फुकटचा उपदेश आहे. शहराचे हृदय सांभाळायचे असेल तर शहराने त्याची किंमत द्यावी.

मग करायचे काय?

हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेने जास्त ओलेइकची वाणे तयार केली आहेत. म्हणजे बी आता कॅलिफोर्नियातून आणायला नको. पण उद्याच धावत सुटू नका. माझे सांगणे चार गोष्टींचे.

एक. आधी उतारा, मर रोग आणि मावा यांना वाण कसा तोंड देतो ते पाहा. तेल कितीही गुणाचे असो, रान वाळले तर उपयोग नाही. पहिल्या वर्षी दोन काकऱ्या, फार तर दहा गुंठे.

दोन. पेरायचे तर गटाने, एका शिवारात सलग पेरा. जास्त ओलेइकचा गुण दबता आहे, तो दोन्हीकडून आला तरच दिसतो. मधमाशीने शेजारच्या साध्या करडईचा पराग आणला, तर त्याच वर्षीच्या त्या दाण्यात ओलेइक घसरते. बांधावर एक वाण आणि रानात दुसरा, असे चालणार नाही. मळणीयंत्र आणि पोतीही वेगळी ठेवा.

तीन. विक्रीआधी मोजा. याला फार मोठे यंत्र लागत नाही. तेलाचे आयोडीन मूल्य काढण्याची जुनी, साधी पद्धत आहे. साध्या करडईत ते १३५ ते १४८ येते, जास्त ओलेइकमध्ये ८० ते १००. एवढ्या अंतरात फसवाफसवीला जागा नाही. बाजार समिती आपल्या मालाच्या व्यवहारावर सेस घेते. तिच्याकडे एकच मागणी करा: तेलबियांचे टक्के आणि जात तपासायची सोय आवारात करा.

चार. कोणी घेणारा लेखी दर बोलल्याशिवाय एकरांच्या हिशेबाने पेरू नका. घाणेवाला असो की कंपनी, टक्क्यावर भाव देणार असेल तर बोलणी. वजनावरच देणार असेल तर हरभरा बरा.

आणि घरापुरती गोष्ट वेगळी. घरच्या खाण्यापुरते करडईचे चार तास ज्वारीत घालायला कोणाच्या भावाची वाट पाहायची गरज नाही. साधी करडईसुद्धा तेल म्हणून उत्तम आहे, फक्त एकदा तळलेले पुन्हा तळू नका.

पुढच्या बैठकीला येताना, ज्या सात जणांनी हात वर केले त्यांनी पाव किलो करडई आणावी. पिशवीत चिठ्ठी घाला: वाणाचे नाव, गाव, पेरणीची तारीख. ज्यांना वाणाचे नाव माहीत नाही त्यांनी 'माहीत नाही' असे लिहा, लाजू नका. सातही नमुन्यांची तपासणी करून आणतो आणि आकडे इथेच, सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. आपल्या मालात काय आहे हे निदान आपल्याला तरी ठाऊक असू द्या. मग भावाचे बोलू.