तिसऱ्या उमेदवाराची मतं



आपल्या लोकसभेला निम्मी मतं लागत नाहीत.
ज्याला सगळ्यांत जास्त, तो विजयी.

2024 ची शिर्डीची निवडणूक आठवा.
दोन शिवसेना समोरासमोर होत्या.
भाऊसाहेब वाकचौरे जिंकले.
सदाशिव लोखंडे सुमारे 50 हजार मतांनी मागे राहिले.
तिसऱ्या होत्या वंचित बहुजन आघाडीच्या उत्कर्षा रूपवते.
त्यांना 90 हजारांहून जास्त मतं पडली.
म्हणजे, विजयाच्या फरकापेक्षाही जास्त!

अमेरिकेत 2000 सालच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत असंच झालं.
फ्लोरिडा राज्यात बुश आणि गोर यांच्यातलं अंतर हजाराच्याही आत होतं.
तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना मात्र 90 हजारांवर मतं होती.

म्हणून पारावर ऐकू येतं, 'मत वाया घालवू नका.'
नावडता पडावा, म्हणून काही जण दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराला मत देतात.
तो त्यांचा हक्कच.
पण तिसऱ्यानं 'मतं खाल्ली', हे बोलणं मला अन्यायाचं वाटतं.
मत मतदाराचं असतं, पक्षाचं नव्हे.

पुन्हा सांगते, निम्मी नकोत, फक्त सगळ्यांत जास्त हवीत.

विधान परिषदेच्या नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघात शिर्डीचा, म्हणजे आपला जिल्हाही येतो.
तिथं मात्र पसंतीक्रम देता येतो.
पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला, तर तुमचं मत दुसऱ्या पसंतीकडे जातं.
पदवीधर श्रोतेहो, त्या यादीत आपलं नाव जरूर नोंदवा.