ठिपका आणि अनुस्वार



विकत आणलेल्या नव्या वस्तूत बारीकशी खोट निघाली तर ती परत करावी की चालवून घ्यावी, हा प्रश्न प्रत्येक घरात कधी ना कधी पडतो. आंब्याच्या पेटीत एखादा फळ डागी निघाला तर आपण भांडायला जात नाही. तांदळात खडा सापडला तर निवडून टाकतो. पण लुगड्याला भोक निघाले तर घरातली जाणती बाई आधी एकच विचारते, "कुठे आहे? पदरावर की निऱ्यांत?" निऱ्यांत असले तर रफू करून भागते. पदरावर असले तर लुगडे दुकानात परत जाते. भोक तेवढेच, पण जागा बदलली की निवाडा बदलतो. आज संगणकाच्या मॉनिटरविषयी बोलताना हे सूत्र आपल्याला उपयोगी पडणार आहे.

पूर्वी टेबलावर डब्यासारखे जाडजूड मॉनिटर असत. त्यांचे पडदे लुकलुकत, डोळे चुरचुरत, पण त्यांत एकच ठिपका कायमचा मेला असे होत नसे. नंतर चपटे पडदे आले. आजच्या साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके होतात. यांनाच पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलचे पुन्हा लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग. म्हणजे ६२,२०,८०० बारीक खिडक्या झाल्या. मागे सतत दिवा जळत असतो आणि प्रत्येक खिडकीवर द्रवस्फटिकाचा पडदा असतो. तो किती उघडायचा हे त्या खिडकीपाशी बसवलेला सूक्ष्म ट्रान्झिस्टर ठरवतो. हा पहारेकरी कामातून गेला की खिडकी एक तर कायमची उघडी राहते नाही तर कायमची बंद. उघडी राहिली तर काळ्या पडद्यावर रंगीत ठिणगी दिसते, बंद राहिली तर पांढऱ्या पडद्यावर काळा ठिपका.

साठ लाखांहून अधिक पहारेकऱ्यांपैकी एखादा नापास झाला यात नवल ते काय, असे कोणीही म्हणेल. कारखानदारही तेच म्हणतो. काचेच्या मोठ्या तावावर एकाच वेळी अनेक पडदे घडवतात आणि मग ते कापून वेगळे करतात. त्या वेळी धुळीचा एक कण बसला तरी एखादी खिडकी जाते. असा प्रत्येक पडदा फेकून द्यायचा ठरवला, तर त्याचा खर्च चांगल्या पडद्यांवर चढणार. म्हणून किती ठिपके चालवून घ्यायचे याची मापे ठरली. २००१ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकात पडद्यांचे चार वर्ग केले होते. पहिल्या वर्गात एकही सदोष ठिपका चालत नसे. दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे सतत पेटलेले दोन, सतत विझलेले दोन आणि एखादाच रंग बिघडलेले पाच, इतकी सूट होती. २००८ साली त्या मानकाची जागा नव्या मानकाने घेतली. आता प्रत्येक कंपनी आपल्या हमीपत्रात आपली मर्यादा लिहिते. काही कंपन्या त्यांच्या महागड्या पडद्यांवर एकही पेटलेला ठिपका निघाला तर बदलून देतात. स्वस्त पडद्यांची हमी बहुधा एवढी उदार नसते. थोडक्यात, ठिपक्याची शक्यता किमतीतच धरलेली असते.

आता माझी गोष्ट सांगतो. महाडमध्ये माझे अक्षरजुळणीचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, वर्षश्राद्धाची कार्डे, दहीहंडीची पत्रके असे काम. जुलै २०२१ च्या पुरात सावित्री आणि गांधारीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा माझे दुकानही बुडाले. त्यानंतर काही काळ जुन्या, मागून आणलेल्या सामानावर काम भागवले आणि मग एका दिवाळीनंतर नवा मॉनिटर घेतला. तुळशीचे लग्न झाले की पत्रिकांचा हंगाम सुरू होतो, त्याच्या तोंडावर.

तिसऱ्या दिवशी पोलादपूरकडच्या एका घरची पत्रिका तपासत होतो. पान वर सरकवले. सगळी अक्षरे वर गेली आणि एक अनुस्वार मात्र जागीच राहिला! फडक्याने पुसून पाहिला, हलेना. पडद्याच्या जवळजवळ मध्यावर एक पिक्सेल पूर्ण विझलेला होता. आकार किती, तर पाव मिलीमीटर.

पाव मिलीमीटर म्हणजे काहीच नाही, असे इंग्रजी मजकूर जुळवणाऱ्याला वाटेल. आपल्या लिपीत तसे नाही. अख्खे पान पडद्यावर मावेल इतके लहान केले की अनुस्वार एवढाच उरतो. आणि तो काय काय करतो पाहा. 'त्याचे चिरंजीव' आणि 'त्यांचे चिरंजीव' यांत फरक त्या एका ठिपक्याचा. एकात अरेतुरे आहे, दुसऱ्यात मान आहे. 'चि. सौ. कां.' मधला अनुस्वार गळला तर नवरीच्या नावाआधी 'सौ. का' असा प्रश्नच उभा राहतो. मुंबईहून आलेला मुलीचा मामा माझ्या शेजारी खुर्चीवर बसतो, पडद्यावर बोट ठेवून वाचतो आणि म्हणतो, "बरोबर आहे, छापा." नेमका तो खोटा ठिपका त्या शब्दावर आला, तर अनुस्वार पडद्यावर दिसेल आणि तीनशे पत्रिकांवर नसेल. मग आजोबांचा मान गेला म्हणून मांडवात जो रुसवा होईल, तो कोणत्या हमीपत्रात बसवायचा?

म्हणजे हे भोक पदरावरचे होते. तरीही पाऊल उचलेना. कारण दुकानदार. वयाने माझ्या मुलाएवढा. पुरानंतर माझ्या संगणकाची चिखलाने भरलेली डिस्क त्यानेच साफ करून वाळवली होती, आत अडकलेली वर्षानुवर्षांची कामे बाहेर काढून दिली होती आणि पैसे विचारले तर हात जोडले होते. अशा माणसाच्या दारात पाव मिलीमीटरची तक्रार घेऊन जायचे?

कायदा काय म्हणतो ते आधी पाहिले. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार ग्राहकाला माल तपासून घेण्याचा हक्क आहे. मात्र वाजवी मुदतीत नकार कळवला नाही, तर माल स्वीकारला असे धरतात. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते. आपल्या रायगडचा आयोग अलिबागला आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. शिवाय १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पण एक मेख आहे. 'दोष' म्हणजे कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्याने ठरलेल्या दर्जात राहिलेली उणीव. हमीपत्रातच 'इतके ठिपके चालतील' असे लिहिले असेल, तर आपली बाजू लंगडी पडते. माझ्या हमीपत्रात तसेच लिहिले होते. एका ठिपक्यावर माझा मॉनिटर कागदोपत्री निर्दोष होता.

चौथ्या दिवशी बिल आणि खोक्यासह गेलो. तो म्हणाला, "काका, एवढं बारीक कोणाला दिसतं? कंपनी बदलून द्यायची नाही."

मी म्हटले, "कंपनीचं राहू दे. तू फक्त हे वाच." आणि पत्रिका त्याच्या पडद्यावर आणि माझ्या पडद्यावर शेजारी शेजारी उघडली. त्याने दोन्ही वाचल्या. मग हसला आणि म्हणाला, "काका, आमच्या आजोबांना अरेतुरे झालं की हो!"

त्याने कंपनीला फोन केला. अपेक्षेप्रमाणे नकार आला. तेव्हा मीच सुचवले की, ज्या मॉनिटरच्या हमीपत्रात एकाही ठिपक्याची सूट नाही असा मागव, वरचा फरक मी देतो. हा तुझ्याकडे ठेव, पण पुढे विकलास तर ठिपका दाखवून विक. त्याने मान्य केले. नवा येईपर्यंत आपला वापरातला मॉनिटर मला दिला. ठिपक्याचा मॉनिटर आता त्याच्याच दुकानात कॅमेऱ्यांची चित्रे दाखवतो. तिथे तो ठिपका निऱ्यांत गेला.

श्रोतेहो, यातून हाती लागलेल्या चार गोष्टी सांगतो. मॉनिटर घेण्यापूर्वी हमीपत्रातले ठिपक्यांचे कलम वाचा. दुकानातच पडदा क्रमाने काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा करून पाहा, दोन मिनिटे लागतात. खोट दिसली तर खोके, बिल आणि दिवस हातचे जाऊ देऊ नका. पडदा चोळून किंवा रंग भराभर बदलून ठिपका जागा होतो असे सांगतात. अडकलेला ठिपका कधी सुटतोही, पण पूर्ण विझलेला सहसा परत येत नाही. तेव्हा त्या आशेवर मुदत घालवू नका. आणि सिनेमा पाहण्यासाठी घेतलेल्या पडद्याच्या कोपऱ्यात एखादा ठिपका असेल, तर उगाच झोप घालवू नका. आठवड्यात नजर त्याला सरावते.

"धर्माच्या गायी, दात का गे नाही" असे विचारू नये हे खरे. पण पैसे मोजून घेतलेल्या गाईचे दात जरूर मोजावेत. फक्त मोजताना आवाज चढवण्याची गरज नसते. ज्याच्याशी उद्याही व्यवहार करायचा आहे, त्याच्याकडे खोट मनात ठेवून गप्प बसण्यापेक्षा ती वेळेवर आणि सरळ दाखवणे हेच नाते राखणे आहे.